ड्रममास्तर

कल्याण सोडून कर्जतच्या दिशेने निघालेल्या गाडीस विठ्ठलवाडीनंतर जी उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही तीन स्थानके लागतात, त्यांच्या आसमंतात हळद, साखरपुडा, बारसे, फार काय, गृहनिर्माण संस्थेची सत्यनारायणाची पूजासुद्धा वाद्यवृंदावाचून यथासांग पार पडली असे मानण्याचा प्रघात नाही. आणि वाद्यवृंद म्हटला की गायक अद्याप चहा घेत असताना, ध्वनिक्षेपकवाला ‘हॅलो, माइक टेस्टिंग’ या मंत्राचे आवर्तन करीत असताना, मंचाच्या मागील अंगास हातात एक चिमुकली चावी घेऊन, एक कान ड्रमच्या पानास जवळजवळ टेकवून ओणवे झालेले जे गृहस्थ दृष्टीस पडतात, ते प्रस्तुत लेखाचे नायक होत. असे एक गृहस्थ या प्रत्येक गावी आहेत. मी वर्णन करतो ते तिघांचे मिळून एक समजावे. सारा मुलूख त्यांना मास्तर म्हणतो. मास्तर वाजवतात कसे, याविषयी रसिकांत मतभेद आहेत, कारण ते ऐकण्याचा योग फार थोड्यांस आला आहे. मास्तर ड्रम लावतात, एवढे मात्र निर्विवाद.

बिऱ्हाड बदलापुरास, फिटरची नोकरी अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत आणि सुपाऱ्या बहुतांशी उल्हासनगरच्या, अशी आयुष्याची त्रिस्थळी वाटणी झाल्यामुळे मास्तरांच्या स्वभावात तिन्ही गावांचे गुण उतरले आहेत. पेच किती आवळावा आणि कोठे हात आवरावा, हे ज्ञान अंबरनाथचे. जगातील कोणतीही वस्तू हुबेहूब करून मिळते, ही श्रद्धा मात्र उल्हासनगरची. महायुद्धातील लष्करी छावणीच्या बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासित येऊन राहिले, 1949 साली त्या वस्तीस उल्हासनगर हे नाव मिळाले, तरी पत्ता विचारणाऱ्यास आजही कॅम्प नंबरच सांगावा लागतो. त्यांपैकी एका कॅम्पातील दुकानदाराने मास्तरांची हरवलेली चावी नमुन्यावाचून, केवळ वर्णनावरून दिवेलागणीच्या आत घडवून दिली आणि वर ‘साईं, ओरिजिनल विसरून जाल’ असे आश्वासनही दिले. मास्तर ते खरोखरच विसरले आहेत.

लावणीचा हा विधी (फडावरची लावणी निराळी, तीत प्रेक्षकांची गैरसोय होत नाही) एकदा जवळून पाहण्यासारखा आहे. 12 इंची टॉम घ्यावा. त्याच्या कड्यास बहुधा 6 पेच असतात. मास्तर प्रथम सगळे ढिले करतात, पान पुसून घेतात, पेच बोटांनीच बसतील तेवढे बसवतात आणि मग चावी लावून एकास अर्धा फेरा दिला की लगतच्या पेचाकडे न वळता थेट समोरच्यास तेवढाच देतात, कारण एका अंगाने आवळीत गेल्यास पान तिरके बसते. नंतर सरकारी मोजणीदार जसा बांधाबांधाने हिंडून चतुःसीमा कायम करतो, तद्वत प्रत्येक पेचाशेजारी, कड्यापासून बोट-दोन बोटे आत, काठीच्या टोकाने हलकी टिचकी देत ते कान लावून फिरतात. सहाही जागी एकच स्वर निघाला पाहिजे, असा दंडक आहे. पाच जागी तो निघतो. पाचवा पेच चढवावा, तर त्याच्या समोरचा दुसरा बिघडतो. दुसरा उतरवावा, तर पहिला व तिसरा नव्याने फिर्याद गुदरतात. यथावकाश वरचे पान मिटले, की ड्रम पालथा होतो आणि खालच्या पानाची मोजणी मुळापासून आरंभते. कारण दोन्ही पाने समस्वर ठेवली तर नाद लांबतो, त्यांत अंतर ठेवले तर तो आखडतो, आणि किती आखडावा याचा निर्णय मास्तरांनी मुनसफीत ठेवलेला असतो. तेवढ्यात टॉमवरच्या प्रत्येक आघातासरशी शेजारच्या स्नेअरच्या पोटाखालील तारा, कोणी समन्स बजावले नसतानाही, छनछनून साक्ष देऊ लागतात.

बेस ड्रमची हकीकत थोडक्यात सांगतो. त्याची घुमारी आवरण्यासाठी आत काहीतरी मऊ कोंबावे लागते. मास्तर घरून काही आणीत नाहीत. ‘मावशी, एक जुनी गोधडी मिळेल का?’ या मृदू पृच्छेने यजमानांच्या घरातील किती गोधड्या परागंदा झाल्या, याचा पंचनामा व्हायचा आहे.

मास्तरांना हवा तो आवाज कोणता, असे कोणी विचारल्यास ते डोळे मिटून ताडदेवचे नाव घेतात. तेथील फिल्म सेंटरमध्ये राहुलदेव बर्मन यांची गाणी ध्वनिमुद्रित होत. कावस लॉर्ड आणि त्यांचे पुत्र केर्सी व बुजी या पारशी घराण्याने हिंदी चित्रपटसंगीतात तालवाद्यांचा संसार थाटला. आणि तो सारा वैभवाचा काळ मास्तरांच्या कानी विविध भारतीवरून पडला. माझे अल्पमत असे की त्या आवाजात ड्रमइतकाच वाटा त्या खोलीच्या भिंतींचा, मायक्रोफोनच्या जागेचा आणि काचेपलीकडील ध्वनिमुद्रकाचा होता. पत्र्याचे छप्पर, शेजारी आचाऱ्याच्या कढया आणि मागून धडधडत जाणारी कर्जत लोकल असताना केवळ पेच फिरवून तो हाती यावा, ही अपेक्षा काहीशी भारी आहे. मी हे मास्तरांस सुनावले, तेव्हा त्यांनी माझ्याकडे करुणेने पाहिले आणि पाचव्या पेचास पाव फेरा दिला.

तरीही ड्रम न लागल्यास दोष हवेचा. ढोलकीचे चामडे बदलापूरच्या पावसाने मऊ पडते, हे खरेच. परंतु ड्रमवर चामड्याऐवजी प्लास्टिकचे पान चढू लागले ते हवेची ही मिजास मोडून काढण्यासाठीच, आणि अमेरिकेत 1957 च्या सुमारास ती पाने बाजारात आल्यापासून हवेला कामावरून कमी केल्यासारखेच झाले आहे. मास्तरांनी हा हुकूम अमलात आणलेला नाही. ‘बारवीकडून गार वारा सुटलाय,’ असे ते म्हणतात आणि यजमानांस मान डोलवावी लागते.

रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपकास मनाई करणारे नियम सन 2000 मध्ये आले आणि मास्तरांचा ड्रम सामान्यतः दहाला दहा मिनिटे कमी असताना लागतो. बदलापुरातील अशाच एका हळदीस, अखेर सहाही पेच एकमुखाने बोलू लागले आणि मास्तर स्टुलावर बसले, तोच हवालदारसाहेब मांडवात शिरले.

‘चला, आवरा आता. दहा वाजले.’

‘आवरतो साहेब,’ मास्तर विनयाने म्हणाले, ‘पण आधी एकदा कानांनी ऐकून घ्या. एवढी मेहनत वाया जायला नको.’ आणि त्यांनी टॉमवर एक, एकच, आघात केला.

हवालदारसाहेब आपल्या गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवतात, याची मांडवात कोणास वार्ता नव्हती. ते पुढे झाले, टोपी काखेत धरून वाकले, नखाने पानाच्या कडेकडेने टिचक्या देत एक फेरी त्यांनी पुरी केली.

‘आवाज झकास आहे मास्तर,’ ते म्हणाले, ‘पण या अंगाला जरा उतरलाय, नाही?’

त्यांचे बोट पाचव्या पेचावर होते. मास्तरांनी खिशातून चावी काढली आणि नवरदेवाच्या वडिलांनी बेंजोवाल्यांस जेवून घेण्याविषयी सांगितले.