हिरोजींना शाबासकी

२०२५ च्या जुलैत मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले आणि दर सुट्टीला महाबळेश्वर गाठणाऱ्यांनाही गड आठवू लागले. सोसायटीच्या ग्रुपवर आता दिवाळीसाठी लोहगड, प्रतापगड, पन्हाळा अशी नावं फिरताहेत. पण गोतावळा मोठा असला की गाडी शेवटी रायगडावरच येते, कारण तिथे रोपवे आहे. ‘आईच्या गुडघ्यांचं काय?’ हा प्रश्न सुटला की बाकीचा इतिहास जमवून घेता येतो.

खरं तर गड बांधायचा तो कुणी सहज वर येऊ नये म्हणून, आणि कौटुंबिक सहल काढायची ती झाडून सगळे वर यावेत म्हणून. त्यामुळे सहलीतली प्रत्येक कुरकुर ही मला रायगड बांधणाऱ्या हिरोजी इंदुलकरांना दिलेली शाबासकी वाटते. पायऱ्यांनी निघालेल्या काकू अर्ध्यावर टेकतात, “पायऱ्या आहेत की काय थट्टा!” शाबास, हिरोजी. पुढे धापा टाकत विचारतात, “अहो, तो महादरवाजा कुठाय? दिसत कसा नाही?” दोन बुरुजांच्या बेचक्यात रस्ता मुरडून तो दडवलाय, तो न दिसण्यासाठीच. काकूंबद्दल हिरोजींच्या मनात काही नव्हतं. त्यांना शत्रूची काळजी होती.

खाली हिरकणीवाडीत रोपवेची रांग निराळीच. दंतकथेतली हिरकणी तान्ह्या लेकरासाठी रात्री कडा उतरून गेली. तिच्याच नावाच्या वाडीत आता काखेत लेकरं घेतलेल्या आया तिकिटासाठी ताटकळतात. पाळणा चार-पाच मिनिटांत वर जातो, पण सुट्टीच्या दिवशी त्यात पाय ठेवेपर्यंत दुपार होते. “एवढ्या वेळात हिरकणी घरी जाऊन परत आली असती,” असं रांगेतले एखादे आजोबा हमखास म्हणतात. गर्दीत असा एक आजोबा लागतोच.

वर बाजारपेठेचे उंच जोते लागतात. इथे म्हणे घोड्यावरून न उतरता खरेदी व्हायची. ती दुकानं नव्हतीच, असंही काही अभ्यासक म्हणतात, पण ते गाइडसमोर बोलू नये.

खरी गंमत राजसदरेवर. १६७४ साली राज्याभिषेक झाला ती ही जागा. सिंहासनापाशी पुटपुटलेलं लांब नगारखान्याच्या दारात ऐकू येतं, हे दाखवायला गाइड अर्ध्या कुटुंबाला इकडे आणि अर्ध्याला तिकडे उभं करतो. सगळे चिडीचूप. आणि सदरेवरून सूनबाईंची कुजबुज स्वच्छ येते, “आईंना घेऊन पुन्हा कुठे जायचं नाही हं, सांगून ठेवते.” आई दारातच उभ्या असतात. बांधकाम उत्तम असल्याबद्दल मग कुणालाच शंका उरत नाही.

जगदीश्वराच्या देवळाबाहेर पायरीच्या दगडावर हिरोजींचं नाव कोरलेलं आहे. एवढा गड उभारून त्यांनी स्वतःसाठी मागितली म्हणे ती पायरीची जागा. शाळकरी नातू बोट फिरवत अक्षरं लावतो आणि विचारतो, “आजी, त्या अवघड पायऱ्या केल्या ते हेच?”

“हेच. नमस्कार कर,” आजी गुडघा चोळत म्हणते, “आणि म्हणावं, एक कठडा तेवढा राहिला.”