हळू बोला, साहेब आहेत

वारंगा फाट्यावर नांदेडहून आलेला रस्ता दोन दिशांना फुटतो: एक हिंगोलीकडे, दुसरा यवतमाळमार्गे नागपूरकडे. कचेरीतल्या बोलण्यालाही सरकारने असेच फाटे फोडले आहेत.

जुलै २०२१ मध्ये सामान्य प्रशासन विभागाने कर्मचाऱ्यांना बजावले: मोबाइल गरजेपुरता, आवाज सौम्य, खासगी फोन बाहेर जाऊन. ऑक्टोबर २०२२ मध्ये शासन निर्णय आला: फोनवर ‘हॅलो’ऐवजी ‘वंदे मातरम्’ म्हणावे.

म्हणजे आधी कसे बोलायचे ते ठरले, मग काय बोलायचे तेही.

कुजबुज कानी पडताच भुवया उंचावणाऱ्या साहेबांच्या हाती आयतेच कोलीत आले. कर्मचारी मात्र फाट्यावरच्या चहाच्या टपरीवर मनसोक्त बोलतात. तिथे परिपत्रक पोहोचत नाही. साहेब पोहोचलेच, तर विषय लगेच पावसाकडे वळतो.