बाळास चिनी कसे शिकवावे

साहित्य: मूल एक, वय चार ते सहा, शक्यतो स्वतःचं. जाड पुठ्ठ्याचं चिनी चित्रपुस्तक एक. आजी असल्यास उत्तम.

लोधिवलीत राहून चिनीच का, असं कोणी विचारलं तर पाताळगंगेच्या कारखान्यांकडे मोघम हात करावा आणि ‘पुढे उपयोग होतो’ म्हणावं. शाळा तुमचं श्रेय लाटेल ही भीती नको. शैक्षणिक धोरणाच्या २०१९ च्या मसुद्यात परदेशी भाषांमध्ये चिनीचं नाव होतं. २०२० च्या अंतिम धोरणात थाई आणि कोरियन आहेत, चिनी गायब. सोसायटीतले एक काका कोटणीसांचा दाखला देतीलच. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली चीनला गेले, तिथे भाषा शिकले आणि चिनीतून शिकवूही लागले, हे खरंच. पण त्यांच्यामागे युद्ध लागलं होतं, तुमच्या बाळामागे तुम्ही लागला आहात.

पुस्तक एरिक कार्ल यांच्या खादाड सुरवंटाचं घ्यावं. त्याची चिनी आवृत्ती मिळते. सुरवंट सोमवारी एक सफरचंद खातो, मंगळवारी दोन नाशपती, बुधवारी तीन प्लम. रविवार सोडला तर चिनीत वारांना आकडेच असतात: सोमवार शिंगछी ई, म्हणजे वार पहिला, मंगळवार शिंगछी अर, दुसरा. त्यामुळे वार, आकडा आणि फळं एकाच पानावर जुळतात. ही सोय इंग्रजीत नाही, मराठीतही नाही.

अक्षरांवर रोमन लिपीत उच्चार छापलेला असेल तर तो पोस्टाच्या तिकिटांनी झाकावा. तिथला ‘बी’ म्हणजे आपला प, ‘पी’ म्हणजे फळातला फ. ‘डी’ म्हणजे त, ‘टी’ म्हणजे थ. बालवाडीत क-ख, प-फ घोटलेल्या पोराला हे आयतं येतं. चमच्यातला च आणि चहातला च असे दोन च सांभाळायची सवयही त्याला असते. इंग्रजी माध्यमात घातलं की मात्र सफरचंदाचं ‘फिंगक्वो’ पिंगुओ होऊन बसतं.

सूर चार. त्यांचा सराव आईच्या ‘हो’वर करावा: फोनवरचा लांबट सपाट हो, चढता ‘हो?’, खाली जाऊन वर येणारा संशयी हो आणि ‘हो म्हटलं ना!’मधला पडता. सूर चुकला तर ‘मा’ची आई न राहता घोडा होतो. आईने मनाला लावून घेऊ नये.

वाचताना ‘हे काय? ते काय?’ मुळीच विचारू नये. आपल्याकडे चित्रपुस्तक हातात आलं की पालकांच्या अंगात तोंडी परीक्षक संचारतो. पोर सफरचंदाच्या भोकात बोट घालून म्हणेल, “आजी, तू पण घाल ना!” तर आजीने घालावं. धडा तोच.

प्रात्यक्षिक पाहायचं असेल तर खालापूर-कर्जतकडच्या कोणत्याही कातकरी वाडीतल्या पहिलीच्या मुलाकडे पाहावं. घरी कातकरी, पुस्तक मराठी. चित्र बघून ते आपला शब्द बोलतं, मग बाईंचा ऐकतं आणि दोन्ही ठेवून घेतं. याला परकीय भाषा कोणी म्हणत नाही, बदामही भिजत घालत नाही. उलट दिवाळीनंतर आईबाप वीटभट्टीवर निघाले की पुस्तक शाळेतच राहतं. तेव्हा या छोट्या गुरूकडच्या शिकवणीची वेळ त्याच्या सोयीने ठरवावी, आणि फी आगाऊ द्यावी.