सहाच्या आतले अण्णा

पंचाहत्तरी ओलांडलेले हे अण्णा कुठल्याही गावाच्या बागेत, सकाळच्या कट्ट्यावर सापडतात. 'एचबीएवनसी किती?' हा त्यांचा, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा, प्रश्न नमस्काराच्या आधी येतो. समोरच्याने साडेसात म्हटलं की ते दहाव्याला आल्यासारखा चेहरा करतात आणि हळूच स्वतःचा ५.९ चा आकडा सोडतात. बोटांची चाळण झालेली, खिशात ग्लुकोमीटर. एकादशीचा उपास मोडायचा नाही आणि ग्लिमेपिराईडची गोळी चुकवायची नाही, असा दुहेरी नेम. मग दुपारी घाम फुटतो, सुनेला मुलीच्या नावाने हाक जाते आणि घरचे म्हणतात, 'वय झालं आता.' वय झालंच आहे. पण त्या घटकेला झालेलं असतं ते साखर ७० च्या खाली गेल्यामुळे. काकू तीन चमचे साखर विरघळवून आणतात, तर अण्णा भांडं परत सारतात. साखर? आणि त्यांना?

आकडा जितका कमी तितकी तब्येत चांगली, ही अण्णांची श्रद्धा उतारवयात घातक ठरू शकते. ग्लिमेपिराईड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. पोटात काही आहे की नाही, याची ती चौकशी करत नाही. मूत्रपिंडं मंदावली की तिचा अंमल लांबतो. जोडीला रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर असेल, तर धडधड आणि थरथर या धोक्याच्या खुणाही दबतात. अमेरिका-कॅनडात १०,२५१ मधुमेहींवर झालेल्या 'अकॉर्ड' अभ्यासात एका गटाची एचबीएवनसी सहाच्या खाली आणायचा प्रयत्न झाला. त्या गटात मृत्यू जास्त झाले, म्हणून २००८ मध्ये हे कडक उपचार मुदतीआधीच थांबवावे लागले. ते मृत्यू साखर उतरल्यानेच झाले, असं सिद्ध झालेलं नाही, हे अण्णांच्या बाजूने सांगायला हवं. पण कडकपणाने आयुष्य वाढतं, हेही त्यातून दिसलं नाही.

'मग डोळे आणि किडन्या जाऊ द्यायच्या?' अण्णा विचारतील. प्रश्न रास्त आहे. मात्र ते नुकसान व्हायला वर्षं लागतात. भोवळ येऊन खुब्याचं हाड मोडायला न्हाणीघर पुरतं. म्हणूनच अमेरिकन डायबेटिस असोसिएशन धडधाकट ज्येष्ठांना साधारण सात ते साडेसातच्या आत राहायला सांगते आणि अनेक दुखणी किंवा विसराळूपणा जडलेल्यांना आठपर्यंत सवलत देते. ही जिलबीची परवानगी नव्हे. साखर फार चढली तरी लघवीला रात्रभर उठणं आणि अंगातलं पाणी कमी होणं आहेच. शिवाय अण्णा नुसत्या मेटफॉर्मिनवर असते, तर ५.९ ला हरकत घ्यायचं कारण नव्हतं, कारण ती गोळी एकटी सहसा साखर ७० च्या खाली उतरवत नाही. आकडा कोणत्या औषधाने मिळवला, हे कट्ट्यावर कोणी विचारत नाही. डॉक्टर विचारतात आणि गोळी अर्धी करतात. अण्णा मग डॉक्टर बदलतात.