अल्पसा प्रयत्न

‘प्रस्तुत शोधनिबंधात सदर विषयाचा सर्वांगीण ऊहापोह करण्याचा अल्पसा प्रयत्न केला आहे.’ मोजा, अकरा शब्द. यूजीसीच्या २०१८च्या नियमांत सलग १४ शब्दांपर्यंतचं योगायोगाचं साम्य वाङ्मयचौर्यात धरत नाहीत. म्हणजे अजून तीन शब्द उचलायची सोय आहे!

‘असे दिसून येते’ म्हटल्यावर कुणाला दिसलं हे विचारू नये. ‘मर्यादित नमुना’ म्हणजे आपल्याच वर्गातली पोरं. ‘अधिक संशोधनास वाव आहे’ म्हणजे मुदत संपली. वॉटसन आणि क्रिक यांनी १९५३ साली डीएनएची रचना मांडली ती पानभराहून थोड्या जास्त जागेत. आमच्याकडे तेवढं ऋणनिर्देशालाच लागतं. त्यात मार्गदर्शकांच्या सौभाग्यवतींनी वेळोवेळी दिलेला चहाही येतो.