भाऊसाहेब कॅमेरा घेत आहेत

आमच्या गल्लीत कुणी नवा फोन घेतला, की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भाऊसाहेब त्याच्या ओट्यावर हजर. फोन हातात घेत नाहीत. चष्मा कपाळावर सरकवून एवढंच विचारतात, "किती मेगापिक्सेल?" मग आकडा खिशातल्या डायरीत उतरवतात आणि खुलासा करतात, "आपल्याला कॅमेरा घ्यायचाय ना, म्हणून विचारलं."

भाऊसाहेब कोण म्हणून सिन्नरभर शोधत बसू नका. ही एक जमात आहे, आणि प्रत्येक आळीत तिचा एक तरी प्रतिनिधी असतो. कुठे तो निवृत्त मास्तर असतो, कुठे सोसायटीचा सचिव. आमच्या वाट्याला आलेला माळेगाव एमआयडीसीतला माजी क्वालिटी इन्स्पेक्टर आहे, आणि जमातीतला हा सगळ्यात कडक वाण. हयात व्हर्निअर आणि मायक्रोमीटर यांच्यात गेलेली. शाफ्ट 20 मायक्रॉननं जाड निघाला, की अख्खा लॉट परत. अशा माणसानं 2017 साली निवृत्त होताना जाहीर केलं, की ग्रॅच्युइटीतून पहिला कॅमेरा घेणार. नातीचे फोटो, गोंदेश्वराचे फोटो आणि हिवाळ्यात नांदूर मध्यमेश्वरच्या पाखरांचे फोटो. नात तेव्हा रांगत होती. आता शाळेत जाते.

मधल्या काळात ते स्वस्थ बसले होते असं मात्र समजू नका. आधी करामुळे थांबले. कॅमेऱ्यावर 28 टक्के जीएसटी होता, तो उतरेल अशी कुणकुण होती. आणि 1 जानेवारी 2019 पासून तो खरंच 18 टक्के झाला. त्या दिवशी सिन्नरात त्यांच्याइतका अस्वस्थ माणूस दुसरा नव्हता. कॅमेरा न घेण्याचं चांगलं सरकारमान्य कारण हातचं गेलं होतं! पण पुण्याचा भाचा धावून आला. "मामा, आता डीएसएलआर घेऊ नका. कॅनन आणि निकॉन दोघांनी मोठ्या सेन्सरचे मिररलेस काढलेत." भाऊसाहेबांच्या जिवात जीव आला. आता मिररलेस स्वस्त होईपर्यंत थांबता येणार होतं.

स्टुडिओवाल्यानं त्यांना एकदा समजावून सांगितलं होतं, की चार बाय सहाची उत्तम प्रिंट काढायला 1800 गुणिले 1200, म्हणजे सव्वादोन मेगापिक्सेलही लागत नाहीत. भाऊसाहेबांचा विश्वास बसला नाही. शेजारच्या पोराच्या फोनवर 108 लिहिलंय, ते काय उगाच? त्यावर स्टुडिओवाल्यानं सांगितलं, की असल्या बऱ्याच फोनमध्ये नऊ-नऊ पिक्सेल मिळून एकाचं काम करतात आणि एरवी फोटो निघतो तो 12 मेगापिक्सेलचाच. भाऊसाहेब क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, "म्हणजे मस्टरवर नऊ जण आणि मशीनवर एक. ही कंपनी चालते कशी?"

खरा भडका उडाला तो सेन्सरवर. "मेगापिक्सेल सोडा, सेन्सरचा आकार बघा," असं भाच्यानं सांगितल्यावर ते आधी खूश झाले होते. आकार म्हणजे मोजमाप, म्हणजे घरचंच मैदान. माहितीपत्रकात ठळक छापलं होतं, '1 इंच सेन्सर'. खाली बारीक अक्षरात 13.2 × 8.8 मिलिमीटर. भाऊसाहेबांनी पेन्सिल काढली, कर्ण मांडला. 15.9 आला. पुन्हा मांडला. पुन्हा 15.9. "इंच म्हणजे 25.4. साडेनऊ मिलिमीटर गेलं कुठं?" हा प्रश्न त्यांनी रात्री दहा वाजता भाच्याला फोन करून विचारला. भाचाही हुशार. त्यानं सांगितलं, की पूर्वी टीव्हीच्या कॅमेऱ्यात काचेची नळी असायची. नळीचा बाहेरचा व्यास एक इंच, आत चित्र पडायचं ते सोळाएक मिलिमीटरचं. नळ्या गेल्या, पण त्यांचा इंच राहिला.

"म्हणजे पाइपाचा बाहेरचा व्यास सांगून आतला माल विकतात?"

"सगळ्याच कंपन्या तसंच सांगतात, मामा."

"मग सगळ्याच रिजेक्ट!"

डायरीत ते पान लाल शाईनं भरलेलं मी पाहिलंय. आणि खरं सांगू का, या बाबतीत मी पूर्णपणे भाऊसाहेबांच्या बाजूचा आहे. त्याच पानावर त्यांनी आणखी एक हिशेब मांडलाय. स्वस्त छोट्या कॅमेऱ्याचा सेन्सर साधारण 6.2 × 4.6 मिलिमीटर, डीएसएलआरचा 23.5 × 15.6. क्षेत्रफळात जवळपास तेरापट फरक, आणि खोक्यावर दोन्हीकडे 20 मेगापिक्सेल लिहिता येतं. तेवढीच माणसं एकीकडे काळीपिवळीत कोंबलेली, दुसरीकडे एसटीत ऐसपैस. एवढं कळल्यावर दुसरा कुणी दुकानात जाऊन मोकळा झाला असता.

भाऊसाहेबही गेले. नाशिकला, महात्मा गांधी रोडवर. तिथं त्यांनी नवा प्रश्न काढला, "किती एक्स?" विक्रेत्यानं निकॉनचा पी1000 पुढे ठेवला. झूम 125 एक्स, वजन 1.4 किलो. भाऊसाहेबांनी तो दोन्ही हातांनी तोलला आणि त्यांना नांदूर मध्यमेश्वरच्या पल्याडच्या काठावरचा फ्लेमिंगो डोळे मिचकावताना दिसू लागला. मग शेजारचा डीएसएलआर पाहिला. लेन्स 18-55. भागाकार केला, तीन. "फक्त तीन एक्स?" विक्रेत्यानं मान हलवली. 125 विरुद्ध तीन, म्हणजे निकाल लागल्यातच जमा होता. पण पाकीट उघडता उघडता त्यांनी सेन्सर विचारला. तोच निघाला, सहा मिलिमीटरवाला! पाकीट मिटलं. परतीच्या एसटीनं मोहदरी घाट चढेपर्यंत फ्लेमिंगोही उडून गेले होते.

घरी काकूंनी विचारलं तर उत्तर तयार. "दादासाहेब फाळके आपल्याच जिल्ह्यातले, त्र्यंबकचे. ते 1912 साली कॅमेऱ्यासाठी लंडनला गेले, तिथल्या एका साप्ताहिकाच्या संपादकाला भेटले, विचारपूस केली. मी नाशिकपर्यंत गेलो तर बिघडलं कुठं?"

काकू भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "ते घेऊन आले."

या सगळ्यात एक गोष्ट राहूनच गेली होती. हातात घेतल्याशिवाय ज्यानं कधी नटसुद्धा पास केला नाही, त्यानं कॅमेऱ्याचं बटण एकदाही दाबलं नव्हतं. शेवटी स्टुडिओवालाच त्यांना एका सकाळी गोंदेश्वराला घेऊन गेला. बाराव्या शतकातलं यादवकालीन मंदिर, मधे महादेव, चार कोपऱ्यांत चार छोटी मंदिरं. बाहेर लख्ख ऊन, आत सभामंडपात अंधार. त्यानं स्वतःच्या कॅमेऱ्याला 50 मिलिमीटरची एफ 1.8 लेन्स लावून दिली. आकडा लहान तर भोक मोठं कसं, यावर भाऊसाहेब अडले. स्टुडिओवाला म्हणाला, "50 भागिले 1.8 करा." 27.8 आले. "आता 50 भागिले 5.6." 8.9. भाऊसाहेबांचा चेहरा उजळला. भोकाचा व्यास! तिपटीहून मोठा व्यास, म्हणजे उजेड जवळपास पावणेदहा पट. बाकी काही शिकवावं लागलं नाही. त्यांनी श्वास रोखला, खांबावरचं कोरीव काम धरलं आणि बटण दाबलं. फोटो फर्मास आला होता. दगडावरचे छिन्नीचे घाव मोजावेत इतका.

"मग, घ्यायचा हाच?" स्टुडिओवाल्यानं विचारलं.

"शंभर टक्के," भाऊसाहेब म्हणाले. "पण तुम्ही हा घेतला कधी?"

"झाली की पाच-सहा वर्षं."

"हां. म्हणजे आता याचं नवं मॉडेल येतच असेल."

तेव्हा तुमच्यापैकी कुणाला कॅमेरा घ्यायचा असेल, तर सिन्नरला येऊन भाऊसाहेबांना जरूर भेटा. सेन्सर, लेन्स, एक्स, कर, वॉरंटी, त्यांच्याइतकं कुणी सांगणार नाही. डायरी मोकळ्या मनानं उघडून ठेवतील, चहाही पाजतील. फक्त येताना कॅमेरा घेऊनच या.