केल पेस्तोचा पास्ता : गृहस्थाश्रमींसाठी मार्गदर्शक सूचना

हा पदार्थ करायला कोण पात्र, ते आधी ठरवावं. ज्याच्या रक्ततपासणीचा कागद नुकताच हातात आला आहे आणि त्यात कोलेस्टेरॉलच्या आकड्यापुढे फुली छापलेली आहे, तो पहिला अधिकारी. ज्याची बहीण न्यू जर्सीहून येऊन महिनाभर राहिली आणि निघताना ‘तुम्ही लोक तेल किती खाता रे!’ म्हणाली, तो दुसरा. ज्याला नुसताच खावासा वाटतो म्हणून करायचा आहे, त्याने व्हाइट सॉसचा करावा. इथे आवडीनिवडीचा प्रश्न नाही.

घरच्यांना बेत आदल्या दिवशी कळवू नये. संध्याकाळी सातच्या सुमारास, दुसऱ्या कशाच्या तरी बोलण्यात, सहज सांगून टाकावा. तरीही कुणीतरी ‘मी आपला थोडा वरणभात लावते’ म्हणेलच. म्हणून कुकरची शिट्टी दुपारीच ताब्यात घ्यावी. पुढेही ती लागणार नाही, कारण पास्ता कुकरमध्ये शिजवायचा नसतो.

आता खरेदी. भाजीवालीला केल म्हणजे काय हे समजावायला जाऊ नये. पुण्या-ठाण्यातल्या बड्या सोसायट्यांच्या फाटकाशी बसणाऱ्या मावशींना ते तुमच्या आधी कळलेलं असतं. ‘कुरळी देऊ का लांब पानाची, ताई?’ असं त्या विचारतील तेव्हा चेहरा शांत ठेवावा. कुरळीच्या पानांना झालर असते. लांब पानाची काळपट आणि सुरकुतलेली. टस्कनीत ती सुपात घालतात. हिला डायनोसॉर केल असंही म्हणतात, तेव्हा घरात लहान मूल असेल तर हीच घ्यावी. पहिला घास त्या नावावर उतरतो. दुसऱ्या घासाची हमी कुणी देत नाही.

भाव ऐकून घासाघीस करू नये. केलचा निम्मा गुण तिच्या किमतीत आहे. अमेरिकेत कितीतरी वर्षं ही पानं सॅलडच्या काउंटरवर भांड्यांच्या मधला बर्फ झाकायला अंथरत, आणि गिऱ्हाईक त्यांच्यावरून हात नेऊन पलीकडची काकडी घेई. मग ती तब्येतीची भाजी ठरली. २०१४ साली बियॉन्से एका गाण्याच्या व्हिडिओत छातीवर ‘केल’ छापलेला स्वेटशर्ट घालून नाचली. मेथीच्या नशिबी हे अजून आलेलं नाही, आणि तिचा भाव पाहता येणारही नाही.

गुण मात्र खोटे नाहीत. क आणि के ही जीवनसत्त्वं केलमध्ये भरपूर असतात. तिच्यातलं कॅल्शियम पालकातल्यापेक्षा अंगी लागतं, कारण पालकातलं ऑक्झलेट कॅल्शियमला अडवून धरतं आणि केलमध्ये ते फार कमी असतं. घरातलं कुणी वॉरफेरिनसारखी रक्त पातळ ठेवणारी गोळी घेत असेल, तर के जीवनसत्त्वाचा असा एकाएकी मारा डॉक्टरांना विचारल्याखेरीज करू नये. या लेखातलं हे वाक्य थट्टेत घेऊ नये.

एक सूचना गोपनीय आहे. केल, कोबी, फ्लॉवर, ब्रोकोली आणि नवलकोल ही सगळी एकाच जातीची, ब्रासिका ओलेरेसियाची, भावंडं. शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या निवड करत कुणाचं पान वाढवलं, कुणाचा फुलोरा, कुणाचं खोड फुगवलं. नवलकोल विकताना मावशी त्याची पानं मोडून मागच्या टोपलीत टाकतात. काश्मिरात ती टाकत नाहीत. गड्डा आणि पानं एकत्र शिजवून मोंज हाक करतात आणि भाताबरोबर चवीने खातात. कोवळी असली तर त्या पानांचा पेस्तो आणि केलचा पेस्तो यांतला फरक सांगणं पट्टीच्या खवय्यालाही जड जाईल. तेव्हा केल मिळाली नाही तर ती टोपली मागावी. ‘गाईला हवीत का?’ असं मावशी विचारतील. हो म्हणावं.

पेस्तो मूळचा इटलीतल्या जेनोवा बंदराचा. तिथल्या जाणकारांच्या मते त्यात जिन्नस सातच: बेसिल, चिलगोजे, लसूण, दोन जातींचं चीज, ऑलिव्ह तेल आणि जाडं मीठ. बेसिलसुद्धा जेनोवाचंच हवं. त्याला २००५ पासून युरोपीय संघाचं भौगोलिक संरक्षण आहे. २००७ पासून तिथल्या दुकाले राजवाड्यात पेस्तोची जागतिक स्पर्धा भरते आणि शंभर स्पर्धक संगमरवरी खलात लाकडी बत्त्याने कुटत बसतात. या सातांत केल नाही, पण घाबरून जाऊ नये. जोव्हानी बत्तिस्ता रात्तो यांच्या १८६३ सालच्या जेनोवी पाकपुस्तकातली कृती सांगते की बेसिल नसेल तर मरवा आणि पार्स्ली घ्या. चीजमध्येही तिला डच चीज चालतं. कायद्यात पळवाट पहिल्यापासून होती. केल तिथूनच आत आली आहे. तरीही जेनोवाचा पाहुणा जेवायला असेल त्या दिवशी साबुदाण्याची खिचडी करावी.

चवीपुरतं मूठभर बेसिल लागतंच. त्यासाठी वृंदावनाकडे वळू नये. तुळस आणि बेसिल एकाच कुळातली असली तरी तुळशीचा वास लवंगेकडे झुकतो आणि पेस्तोला काढ्याची कळा येते. शिवाय संध्याकाळी तुळस तोडलीत तर पुढचा वाद पाककलेचा राहणार नाही. फालुद्यातला सब्जा हे बेसिलचंच बी. महिनाभर आधी कुंडीत चिमूटभर पेरला तर घरची पानं मिळतात, पण एवढी दूरदृष्टी असलेला माणूस सहसा पास्त्याच्या वाटेला जात नाही.

चिलगोजे हिमाचलातल्या किन्नौरहून येतात. त्यांचा भाव बसून ऐकावा. त्यांच्याऐवजी ५० ग्रॅम अक्रोड कोरडे भाजून घ्यावेत. शेंगदाण्याच्या कुटाचा डबा मात्र ओट्यावरून उचलून दूर ठेवावा, कारण बोलता बोलता हात आपोआप तिकडे जातो. चीज ५० ग्रॅम. अस्सल पार्मिजानो रेज्जानो वासराच्या जठरातल्या रेनेटनेच करतात, त्याला पर्याय नियमात नाही. ही माहिती श्रावणात, पंगत बसल्यावर उघड झाली तर सावरणं अवघड जातं. हिरवा ठिपका असलेलं कडक चीज घ्यावं आणि विषय काढू नये.

चौघांना २०० ग्रॅम केल पुरे. पानं देठावरून ओरबाडून घ्यावीत आणि देठ बाजूला ठेवावेत. मिठाच्या उकळत्या पाण्यात पानं मिनिटभर बुडवावीत, लगेच बर्फाच्या पाण्यात टाकावीत, मग घट्ट पिळावीत. मिनिटभराच्या उकळीने कडूपणा उतरतो आणि पान काळं पाडणारी विकरं गप्प होतात. हे टाळून कच्ची केल वाटणाऱ्यांच्या पास्त्याला गवत कापल्याचा वास येतो, आणि तो पौष्टिकपणाचा वास आहे अशी ते स्वतःची समजूत घालतात.

वाटणार कशात? संगमरवरी खल घरात नाही. जो खलबत्ता आहे त्यात वेलदोडे कुटतात आणि तो देणार नाहीत. राहता राहिलं मिक्सरचं छोटं भांडं. या भांड्याची स्मरणशक्ती दांडगी असते. परवाची लसूण-खोबऱ्याची चटणी ते विसरलेलं नसतं. त्यात पावाचा शिळा तुकडा फिरवून टाकून द्यावा, मग भांडं धुऊन अर्धा तास फ्रीजरमध्ये ठेवावं. गरम भांड्यात हिरवा रंग मरतो. आधी अक्रोड, लसणीच्या दोन पाकळ्या आणि मीठ. मग केल आणि बेसिल, थांबून थांबून फिरवत. १०० मिलिलिटर ऑलिव्ह तेल शेवटी चमच्याने ढवळावं, कारण मिक्सरच्या वेगात ते कडवट होऊ शकतं. चीजही हातानेच. लिंबू पिळायचं ते वाढायच्या वेळी. आंबटाने हिरवा रंग शेवाळी होतो.

पास्ता डुरम गव्हाचा घ्यावा. आपला बन्सी गहू डुरमच आहे, हे जेवताना सांगावं. परदेशी पदार्थाला नातेवाईक सापडला की ज्येष्ठ जरा सैलावतात. १०० ग्रॅम पास्त्याला एक लिटर पाणी आणि १० ग्रॅम मीठ. म्हणजे ४०० ग्रॅमला चार लिटर, आणि एवढं पातेलं दिवाळीनंतर माळ्यावर गेलेलं असतं. पाण्यात तेल घालू नये. शिजल्यावर नळाखाली धुऊही नये, कारण सॉस धरून ठेवणारी पेज त्या धुण्यातच जाते. वाटीभर शिजवणाचं पाणी राखून ठेवावं. तुकडा चावून मध्यभागी कणभर कडकपणा लागला की उतरवायचा. सासूबाईंच्या मते तो या क्षणी कच्चा असतो. त्यांच्यासाठी चौथा हिस्सा आणखी तीन मिनिटं उकळत ठेवावा; वाद घालण्यात यापेक्षा जास्त वेळ जातो.

पेस्तो गॅसवर चढवत नाहीत. पातेलं खाली उतरवून त्यात गरम पास्ता, पेस्तो आणि राखलेलं पाणी चमच्या-चमच्याने घालून कालवतात. खरा धोका इथे आहे. हिरवं काहीतरी तयार झालं आणि त्यावर काहीच पडलं नाही, हे दृश्य मराठी स्वयंपाकघराला सोसत नाही. तुमची पाठ वळली की कढलं गॅसवर चढेल, मोहरी तडतडेल, हिंग पडेल. फोडणी पडल्यावर पदार्थ वाईट लागत नाही, उलट बरा लागतो, म्हणूनच ती पडू देता कामा नये. मिसळणाचा डबा दहा मिनिटं नजरेआड करावा.

हेल्दी शब्दाचा हिशेब एकदा मांडून ठेवू. तेलाच्या आठशेहून अधिक कॅलरी, अक्रोडाच्या तीनशेच्या वर, चीजच्या दोनशेच्या आसपास, आणि पास्त्याच्या चौदाशे. निवडलेल्या केलच्या जेमतेम पन्नास. सगळा पौष्टिकपणा या पन्नासांच्या खांद्यावर उभा आहे. तेल चांगलं आहे, अक्रोड चांगले आहेत, यात वाद नाही. पण न्यू जर्सीला फोटो पाठवताना तेलाची बाटली चौकटीत येऊ देऊ नये.

उरलेला पेस्तो बरणीत दाबून, वर तेलाचा थर देऊन फ्रीजमध्ये ठेवावा आणि तीन-चार दिवसांत संपवावा. तेल वर आहे म्हणून लोणच्याच्या शेजारी बाहेर ठेवू नये; तेलात बुडलेल्या कच्च्या लसणीत घातक जंतू वाढू शकतात. जास्त दिवस हवा असेल तर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवावा.

राहिले देठ. त्यांचं काय करायचं हे पाककृती सहसा सांगत नाहीत, आणि तुम्ही फोटोच्या गडबडीत असताना ते ओट्यावरून नाहीसे होतात. पास्ता वाढून होईतो आतून एक छोटी कढई येते. देठ बारीक चिरलेले, त्यावर बेसन पेरलेलं, लसूण आणि लाल तिखट. ती आधी संपेल. बेसन किती घातलं असं विचारल्यास ‘अंदाजाने’ असं उत्तर मिळेल. ते वहीत तसंच उतरवून घ्यावं.